हॉवर्डसाहेबाला पाहिजे तोच दाखला

चुडामण पाटील ‘भरीत’ हे नाव अमेरिकेला विकतोय, ही बातमी लोणपिंप्रीत पोचली तेव्हा गावाने पहिलं काम केलं ते म्हणजे वांगी भाजली. नाव एकदा परदेशात गेलं की खायला परवानगी लागेल की काय, कोणी सांगावं? त्यापेक्षा आजच खाऊन घेतलेलं बरं, असा साधा विचार त्यामागे होता. जामनेर तालुक्याच्या त्या कोपऱ्यावर त्या दिवशी एवढा धूर झाला की शेजारच्या गावचे लोक बादल्या घेऊन धावत आले. आल्यावर जेवून गेले.

बातमी अगदीच खोटी नव्हती.

चुडामणचा धंदाच भरताचा. थंडी पडली की जळगावचे डॉक्टर, वकील, सोन्याचे व्यापारी जीप भरभरून त्याच्या मळ्यात यायचे. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात मोठाली पांढुरकी हिरवी वांगी टाकायची, भाजली की सोलून बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, कुटायची, वरून कांद्याची पात आणि तेलातली मिरची. वाढायचं केळीच्या पानावर. माणसं एवढी खायची की परत जाताना जीप मागच्या बाजूने टेकायची. होळी झाली की धंदा संपला. उरलेलं वर्ष घर चालायचं ते आईच्या, बेबाबाईच्या म्हशीवर. म्हशीचं नाव भुरी, रंग ठार काळा. असं का, याची चौकशी घरात कधी झाली नव्हती.

आदल्या हिवाळ्यात अशाच एका पार्टीला मगनशेठ आला होता. जळगावला स्टँडजवळ त्याचं सायबर कॅफे. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर मगनशेठ भावुक झाला.

“चुडामण, तुझ्या भरताला डॉट कॉम पाहिजे.”

“तेलातल्या मिरचीपेक्षा बरं लागतं का?” चुडामणने विचारलं.

मगनशेठने समजावून सांगितलं. इंटरनेटवर एक नाव घ्यायचं. ते नाव जगात एकाकडेच राहतं. मग जगात ज्याला कोणाला भरीत खावंसं वाटेल, तो ते नाव टाइप करेल आणि थेट चुडामणच्या मळ्यात येईल.

“येईल, पण वाटेतल्या पाण्याच्या पाटावर फळी नाही. पडेल,” चुडामण म्हणाला.

तरी त्याने नाव घेतलं. पैसे मगनशेठच्या क्रेडिट कार्डावर गेले आणि चुडामणने ते पार्टीत वळते केले. त्या पानावर वांग्याचा एक फोटो होता. तो कॉम्प्युटरवर उतरायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात खरं वांगं भाजून व्हायचं. वर्षभरात त्या पानाकडे कोणी फिरकलं नाही. गावात मात्र चुडामणला नवीन हाक सुरू झाली. ‘ए डॉट कॉम, बिडी आहे का?’ आबा, म्हणजे त्याचे वडील उखर्डू पाटील, चारचौघांत सांगायचे, “पोरानं हवेत प्लाट घेतला. पानी नाई, रस्ता नाई, शेजारी बी नाई.”

म्हणून नव्याण्णव सालच्या डिसेंबरात गावातल्या एसटीडी बूथवर मगनशेठचा फोन आला, तेव्हा चुडामणची छाती आपोआप पुढे आली. निरोप होता, ‘अमेरिकेहून गिऱ्हाईक आलंय.’ बूथपासून मळ्यापर्यंत येता येता त्याचं ‘अमेरिकेचा माणूस जामनेरच्या स्टँडवर उतरलाय’ असं झालं होतं. बेबाबाईने चहात साखर जास्त टाकली आणि पाटावर फळी टाकायला आबांना पाठवलं.

जळगावात मगनशेठने ईमेल वाचून दाखवला. हॉवर्ड प्रेस्टन नावाचा कोणी साहेब लिहीत होता. आम्ही गुंतवणूकदारांची मोठी संस्था आहोत, आपलं नाव आमच्या मंडळाला अतिशय आवडलं आहे, अठरा हजार डॉलर देऊ इच्छितो, कळवावे.

मगनशेठने कॅल्क्युलेटर काढला. मग दुसरा काढला, कारण पहिल्यावर त्याचा विश्वास बसेना. “पावणेआठ लाख,” तो म्हणाला आणि स्वतःच पाणी प्यायला.

चुडामणने होकार कळवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. सगळं ठरल्यासारखंच आहे, फक्त एक किरकोळ बाब. नावाची किंमत खरोखर तेवढी आहे असं एक प्रमाणपत्र लागेल. ते अमुक एका कार्यालयातून काढावं, तिथली फी एकशे पंच्याण्णव डॉलर. प्रमाणपत्र मिळताच रक्कम रवाना.

“प्रमाणपत्र म्हणजे दाखलाच ना?” चुडामणने विचारलं.

“दाखलाच.”

“मग फी कशाला? आपल्याकडे फुकट मिळतो.”

इथे लोणपिंप्रीबद्दल एक सांगायला हवं. दाखल्याला या गावात कोणी घाबरत नाही. सरपंच गिरधर नाना यांच्या खिशात गोल शिक्का आणि शाईचं पॅड कायम असायचं. एकदा चिंधाचा बैल हरवला तर नानांनी तो हरवल्याचा दाखला दिला, आणि दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा सापडल्याचा. बैल मधल्या वेळात नव्हता याचाही देत होते, पण चिंधाच नको म्हणाला.

नानांनी ओट्यावर बसून लगेच लिहायला घेतलं. “दाखला देण्यात येतो की, श्री. चुडामण उखर्डू पाटील यांचे मालकीचे ‘भरीत’ हे नाव चालू स्थितीत असून त्याची किंमत आजच्या बाजारभावाने अठरा हजार डॉलर होते. सदर नावावर कोणाचाही बोजा नाही. दाखला शैक्षणिक कामासाठी दिला असे.”

“नाना, शैक्षणिक काहून?” चुडामणने विचारलं.

“छापील ओळ हाये ती. खोडली त संशय येतो.”

मगनशेठने तो दाखला स्कॅन करून अमेरिकेला पाठवला. नानांचा शिक्का समुद्र ओलांडून गेला, या विचाराने नाना दोन दिवस हळू चालत होते.

हॉवर्डसाहेबाचं उत्तर आलं. आपल्या सरपंचांबद्दल आम्हाला आदर आहे, परंतु प्रमाणपत्र फक्त त्याच कार्यालयाचं चालेल. आणि शुक्रवारी आमच्या मंडळाची बैठक आहे, त्यानंतर ही संधी राहणार नाही.

नानांना हे लागलं. त्यांनी ग्रामसभा बोलावली. विषय दाखल्याचा होता, पण वच्छलाबाईने सुरुवातीलाच हात वर केला.

“नाना, मले एक सांगा. नाव इकलं, आन माह्या सुनेनं चुलीपाशी ‘भरीत झालं’ असं म्हटलं, त अमेरिकेले कळंल का?”

हा मुद्दा कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

“मोठ्यानं म्हटलं त कळंल,” चिंधा म्हणाला.

“माही सून मोठ्यानंच बोलते.”

मग गावाने नवीन नाव शोधायला घेतलं. ‘भाजकं वांगं’ हे फार साधं वाटलं. ‘वांग्याचा चेंदा’ याला बायकांनी विरोध केला. शेवटी ठराव झाला की विक्रीनंतर भरताला नुसतं ‘ते’ म्हणायचं. आज काय केलंय? ते केलंय. पाहुण्यांना कळलं तर कळलं. आणि अमेरिका इतकी मोठी चीज घेऊन चालली आहे, तर व्यवहारात गावाला पाण्याची टाकी बसवून द्यावी, असंही नानांनी ठरावात घालून घेतलं.

“टाकी माग, आन पैसे बी वाढव,” आबा म्हणाले. “पंचवीस हजार सांग. मंग तो वीस म्हनंल, आपन बाविसावर येऊ. सौदा असाच असतो.”

चुडामणने पंचवीस हजार आणि टाकी, असं कळवलं. उत्तर चहा संपायच्या आत आलं. पंचवीस हजार मान्य. टाकी मान्य. कृपया प्रमाणपत्राचं लवकर करावं.

आबा खूश होऊन घरभर फिरले. “येडं गिऱ्हाईक हाये! एक डालर कमी केला नाई त्यानं!” चुडामणही हसला, पण त्याच्या हसण्यात एक छोटासा खडा लागला. जामनेरच्या बाजारात पावशेर लसूण घेणारा माणूससुद्धा आधी नाक मुरडतो. या माणसाने टाकी किती लिटरची हेही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात धुळ्याहून लोटनमामा आला. बेबाबाईचा हा भाऊ सरकारी कचेरीत कारकून. सगळे प्रश्न कागदाच्या जाडीने सुटतात असा त्याचा अनुभव होता. बसमधून उतरताना त्याच्या एका हातात पेढ्याचा पुडा आणि दुसऱ्या हातात स्टॅम्प पेपर होता.

“दाखला खालना शे, म्हनीसन परत ऊना,” पाणी प्यायच्या आधीच त्याने धुळ्याच्या अहिराणीत निदान केलं. “वरना देवा लागस.”

लोटनमामाने धुळ्याला जाऊन खरोखर वरचा दाखला तयार केला. प्रतिज्ञापत्र, तीन प्रती, वकिलाची सही, लाल फीत. मालकाचा फोटो चिकटवला, आणि ज्या मालमत्तेची विक्री आहे तिचाही फोटो लागतो म्हणून शेजारी एका वांग्याचा फोटो चिकटवून त्यावर चुडामणची सही घेतली. वांगं पासपोर्ट साइजमध्ये चांगलं आलं होतं. हॉवर्डसाहेबाने तेही नम्रपणे नाकारलं. पाहिजे तोच दाखला पाहिजे.

“मंग देऊन टाक ना त्याची फी,” आबा म्हणाले. “पंचवीस हजार डालर येऊन ऱ्हायले आन तू दोनशेले अडून बसला?”

दोनशे डॉलर म्हणजे साडेआठ हजार रुपये. घरात तेवढे नव्हते. पार्ट्यांचे पैसे वांग्यांत आणि बियाण्यांत गेले होते. आबांनी गोठ्याकडे बघितलं. भुरीने कान हलवले.

भुरी गेली, आणि अमेरिकेहून काही आलं नाही, तर होळीनंतर घरात दूध नाही, दुधाचे पैसे नाहीत, आणि आईची म्हैस कागदासाठी विकणारा म्हणून चुडामण जन्मभर ओळखला जाणार. त्याच्यापेक्षा ‘डॉट कॉम’ ही हाक बरी होती. पण पंचवीस हजार डॉलर आले तर? मग दहा म्हशी घेता येतील. चुडामणच्या डोक्यात दिवसभर कधी दहा म्हशी यायच्या, कधी एकही नाही.

“माय, तुले काय वाटते?” त्याने आईला विचारलं. म्हैस तिची होती. लोटनमामाने माहेरहून वगारू, म्हणजे पारडी, असताना आणून दिलेली.

बेबाबाई भाकरी थापत होती. “तुह्या आबाले पैसा दिसतो, भाऊले कागद दिसतो. मले म्हैस दिसते. मी काय सांगू? पैसे आले त मंग रडीन मी, खुशीनं. आतापासून काहून रडू?” पण त्या दिवशी तिने भुरीला पेंड दुप्पट टाकली.

गुरुवारी म्हशीचा व्यापारी जीवराम आला. डोक्याला लाल पटका, हातात काठी, चेहऱ्यावर जगातल्या सगळ्या म्हशींबद्दल नाराजी.

भुरीभोवती त्याने एक चक्कर मारली आणि थुंकला. “ही म्हैस हाये का रस्त्यावरचा टँकर?”

बेबाबाईने पदर खोचला. “काय वाईट हाये तिच्यात?”

“शिंग पाहा, एक नाशिकले चाललं, एक नागपूरले. चाल पाहा, लंगड्या बैलाची. आन डोळे? काही उसनं घेऊन पळून आल्यासारखी पाहते.” मग तिचे दात बघितले. दात बघून आणखी वाईट वाटल्यासारखं केलं. मग स्वतः बसून दूध काढलं, फेस बघितला, चव घेतली, आणि सुस्कारा टाकला. “दूध हाये का पाटाचं पानी?” हे म्हणत असताना त्याने तो पेला मात्र पूर्ण संपवला.

चुडामण गोठ्याच्या खांबाला टेकून बघत होता. जीवराम जितका भुरीला नावं ठेवत होता, तितकं चुडामणला कसंतरी व्हायला लागलं. भुरीसाठी नाही. हॉवर्डसाहेबासाठी. त्या माणसाने ‘भरीत’ला एक नाव ठेवलं नव्हतं. वांग्याचा फोटो उतरत नाही, अशी तक्रारसुद्धा केली नव्हती. भरीत खातात की अंगाला लावतात, हेही विचारलं नव्हतं.

“बरं, घेतो मी,” जीवराम अखेर म्हणाला, जसं काही उपकार करत होता. “पन गाभन हाये म्हनता, त डॉक्टरचा दाखला पाहिजे.”

आबांनी कपाळावर हात मारला. “इथं बी दाखला!”

“कोणत्या डॉक्टरचा?” चुडामणने विचारलं. त्याने हे इतक्या एकाएकी विचारलं की जीवरामने मागे वळून पाहिलं.

“कोनताबी. जामनेरचा आन, पहूरचा आन. माह्या ओळखीचा नसला त बरं, तुह्या ओळखीचा नसला त आनखी बरं.”

“आणि फी?”

“मी देईन. म्हैस मले पाहिजे ना? तुले त माहीतच हाये ती गाभन हाये.” जीवरामने खिशातून विसाराचे, म्हणजे सौदा पक्का करण्याचे, पैसे काढले आणि बेबाबाईसमोर धरले.

“माय, घेऊ नको!” चुडामण ओरडला. “जीवरामभाऊ, दुपारपर्यंत थांबा. जेवून घ्या. मी जळगावहून येतो.”

“मी जेवत नाई कोनाकडे.”

“भरीत हाये,” बेबाबाई म्हणाली.

जीवराम बसला.

जळगावला मगनशेठ कार्ड हातात घेऊन तयारच होता. “आणले पैसे? उद्या शुक्रवार आहे रे बाबा!”

“मगनशेठ, तुमच्या मेहुण्याने मागे पार्टीत एका डॉक्टरची गोष्ट सांगितली होती ना? रक्त तपासायचं तर समोरच्याच लॅबमध्ये, दुसरीकडचा कागद हातात घेत नाही?”

“हो. लॅब त्याच्या भावाची होती.” मगनशेठ एवढं बोलला आणि थांबला. “पण तो जळगावचा डॉक्टर. हा अमेरिकेचा आहे.”

“अमेरिकेत भाऊ नसतात का?”

मगनशेठने कार्ड टेबलावर ठेवलं. चुडामणने खुर्ची ओढली. “लिहा. मी सांगतो ते इंग्रजीत घाला. अट पहिली. नावाबरोबर एक पडकी विहीर घ्यावी लागेल. बेडूक आतच राहतील.”

“असं कसं लिहू?”

“लिहा तर. अट दुसरी. पैसे देण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांनी धुळ्याला येऊन माझ्या मामाच्या पाया पडायचं. तिसरी. आमचा एक बैल आहे, तो फक्त पँट घातलेल्या माणसांना मारतो. तोही घ्यायचा, आणि त्याला तिकडे एकटं वाटू नये म्हणून अध्यक्षांनी रोज त्याच्याशी मराठीत बोलायचं.”

मॉडेम कुईकुई करून थांबला. दोघांनी चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि उत्तर हजर.

मगनशेठने वाचलं. “प्रिय मिस्टर पाटील. आपल्या सर्व अटी आमच्या मंडळाने एकमताने मान्य केल्या आहेत. आता कृपया प्रमाणपत्र.” त्याचा आवाज उतरत गेला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “चुडामण, तिकडे आत्ता मध्यरात्र उलटून गेली असेल. मंडळ एकमताने जमलं कधी?”

“बैलासाठी उठले असतील.”

“आता पुढे?”

“शेवटचं एकच लिहा. मला प्रमाणपत्र मान्य आहे. त्याच कार्यालयाचं मान्य आहे. फक्त त्याची फी तुम्ही भरा आणि पंचवीस हजारांतून वजा करून बाकीचे पाठवा.”

या उत्तराला वेळ लागला. चहा संपला, दुसरा आला, तोही संपला. मग आलं. आम्ही दिलगीर आहोत. आमच्या संस्थेचं धोरण आम्हाला असं करू देत नाही.

चुडामण खुर्चीत मागे टेकला. “मामाच्या पाया पडायला धोरण आडवं येत नाही. बेडूक घ्यायला येत नाही. बैलाशी मराठी बोलायला येत नाही. पंचवीस हजारांतले दोनशे आधी द्यायला मात्र येतं.”

“म्हणजे घेणारा नव्हताच,” मगनशेठ म्हणाला. “दाखला विकणारा होता.”

“आणि आपल्याला नानांनी फुकट दिला होता.”

मगनशेठने कार्ड पाकिटात ठेवलं, पाकीट खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. मग एकदम म्हणाला, “पण माणूस बोलायला चांगला होता रे.” वर्षभरात त्या कॅफेत एवढं नम्रपणे कोणीच बोललं नव्हतं, हेही खरं होतं.

चुडामण गावात परतला तेव्हा अर्धं गाव ओट्यावर बसलेलं. त्याने सगळं सांगितलं. घेणारा आधी आपल्यालाच पैसे मागत असेल, तो सांगेल त्याच दुकानातून कागद आणायचा असेल, घासाघीस करत नसेल, आणि वरून घाई करत असेल, तर तो गिऱ्हाईक नाही, असं त्याने नीट समजावलं. लोकांनी मान डोलावली.

“आन टाकी?” गिरधर नानांनी विचारलं.

“टाकी कुठली नाना, तो माणूसच खोटा!”

“माणूस खोटा असंल. टाकी एकमतानं मंजूर झाली होती.”

लोटनमामाला दुःख वेगळंच होतं. “मना पाया पडनार व्हता ना तो?” तो दोनदा म्हणाला. वच्छलाबाईला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तिने तिथूनच घराकडे तोंड करून सुनेला मोठ्याने हाक मारली, “म्हन व माय, म्हन! भरीत म्हन!” आबा म्हणाले, “मी म्हटलंच होतं, एक डालर कमी करत नाई म्हंजे काईतरी हाये,” आणि कोणी त्यांना विरोध केला नाही, कारण सगळ्यांनीच तसं म्हटलं होतं असं आता सगळ्यांना आठवत होतं.

गोठ्यात जीवराम अजून होता. जेवण त्याला अंगावर आलं होतं आणि तो पेंढ्यावर आडवा पडून भुरीकडे बघत होता.

“जीवरामभाऊ,” चुडामण म्हणाला, “तुम्हाला ताटकळत ठेवलं. पण म्हैस द्यायची नाही.”

जीवराम उठून बसला. “द्यायची नाई? अरे, हिले घेतो कोन! मी दया करून ऱ्हायलो होतो. आंधळा बी घेनार नाई हिले.”

“मग राहू द्या.”

“पाचशे वाढवतो.”

“नको.”

“शिंगं पाहा तिचे! सातशे.”

“जीवरामभाऊ, नको.”

जीवरामने काठी उचलली, पटका सारखा केला आणि निघाला. निघताना म्हणाला, असली बेढब, आळशी, खादाड, कडू तोंडाची म्हैस त्याने उभ्या खानदेशात बघितली नाही. पाटावरच्या फळीवर थांबून मागे वळला आणि म्हणाला, हिची शेपटीसुद्धा उसनी वाटते. बांधापलीकडे गेल्यावर एक हजार म्हणून ओरडला. मग रस्त्याला लागला, तरी शिव्या ऐकू येतच होत्या.

बेबाबाई भुरीच्या पाठीवर हात ठेवून ते सगळं ऐकत होती. एकेका शिवीसरशी तिचा चेहरा आणखी उजळत होता.

“ऐकलं का व?” ती भुरीला म्हणाली. “लय आवडली तू त्याले.”

मग तिने दुधाची चरवी घेतली आणि चुडामणला हाताने बाजूला सरकवलं, कारण तो नेमका तिच्या उजेडात उभा होता.